तीस पावलांवरच्या रेषा

४ डिसेंबर

बर्फ नऊ इंच. मासे धरायचं खोपटं ओढून गोठलेल्या तळ्यावर नेलं. पाठ गेली कामातून, पण नेलं. रूडीचं खोपटं आधीच येऊन बसलंय — तीस पावलांवर, दरवर्षीसारखं. खालच्या खडकावर मासा येतो, हे दोघांनाही बापाने दाखवलेलं. तो जागा सोडणार नाही, मीही नाही.

गिरमिटाने भोक पाडलं, पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राचा, फ्लॅशरचा, गोळा पाण्यात सोडला, बटण दाबलं. तबकडीवर दिवे फिरायला लागले. अठ्ठावीस फुटांवर तळ लाल, मध्ये माझा गळ हिरवा. आणि सात-वीसला त्या बारीक रेषा आल्या, तबकडीभर भटकणाऱ्या. त्याच्या फ्लॅशरचा आवाज माझ्या गोळ्यात शिरतो तेव्हा दिसतात. रेषा आल्या म्हणजे थोरले बंधू हजर.

दहा वाजता तबकडी विझली. बॅटरी बसली.

५ डिसेंबर

रात्रभर चार्जरवर ठेवली. सकाळी बघतो तर पोट फुगलेलं. अकरा वर्षं चालली बिचारी. बायकोने, व्हर्नाने आणली होती, माझ्या साठीला. फेकवत नाही. कपाटावर ठेवली, तिच्या टोप्यांशेजारी.

७ डिसेंबर

डार्लाच्या दुकानात गेलो. गळ, आमिष, बॅटऱ्या, कॉफी, गावगप्पा, सगळं तिच्याकडे मिळतं. बॅटरी मागितली तर म्हणाली, "वेंडेल, ते यंत्र आता संग्रहालयात द्या." आणि नवं दाखवलं. तबकडी नाही, पडदा. टीव्हीसारखा. मासा कुठून आला, कुठे गेला, सगळं दिसतं.

"आणि याच्यात शेजारच्यांच्या रेषा येत नाहीत. याच्या लहरीच वेगळ्या. तुम्हाला त्यांचं दिसणार नाही, त्यांना तुमचं दिसणार नाही. कटकट मिटली."

"मिटू दे," म्हणालो. नऊ वर्षांची कटकट.

बरोबर लिथियमची बॅटरी. वजन जुनीच्या एक तृतीयांश, थंडीतही दिवसभर टिकते म्हणे. पुढे ती चार्जिंगचं बरंच काही सांगत होती. कानातलं यंत्र मी गाडीतच ठेवलं होतं. मान हलवली.

निघताना म्हणाली, "वेंडेल, रूडीबद्दल तुम्हाला कुणी —"

"बॅटरीचं बोलून झालं ना?"

तिने पावती पुढे केली. गावात माझ्यासमोर त्याचं नाव कोणी काढत नाही. तसं मीच करून ठेवलंय.

९ डिसेंबर

पडदा झकास आहे. गळाला लावलेला किडासुद्धा दिसतो. दोन वॉलाय मासे काढले, एक तर दीड हात. रेषा नाहीत. एकदम स्वच्छ.

घरी येऊन एक तळला. दुसरा कुणाला द्यावा कळेना. फ्रीझरमध्ये टाकला.

१० डिसेंबर

स्वच्छ.

११ डिसेंबर

पडद्याकडे बघून मान अवघडली. मासे दिसतात, येतात, जातात. सात-वीस वाजले तसं आपोआप तिकडे बघितलं. काही नाही. तो आलाय की नाही, कळायला मार्ग नाही. त्याच्या बाजूची खिडकी मीच फळी ठोकून बंद केलीय, त्या भांडणाच्या वर्षी. दार उघडून बाहेर जावं तर त्याला वाटेल बघायला आलो.

शेवटी गेलोच, लघवीचं निमित्त काढून. त्याच्या धुराड्यातून धूर नाही. थंडी उणे वीस आणि हा शेगडी पेटवत नाही! कंजूष मेला. गाडीही नसते हल्ली. गुडघा गेल्यापासून दोन वर्षं मेव्हिसच त्याला स्नोमोबाइलवरून सोडते आणि न्यायला येते. चांगली बाई. माझी वहिनी, पण बोलणं नाही.

१३ डिसेंबर

झोप नाही. लिहूनच टाकतो एकदाचं.

नऊ वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुरुवातीला रूडीने माझा ट्रक मागितला, खोपटं ओढायला. मी म्हणालो, बर्फ पाच इंच आहे, थांब आठवडाभर. तो म्हणाला, "आण चावी. लहानपणापासून भित्रा तू." दिली. तीनशे फुटांवर ट्रक गेला खाली. त्याने दारातून उडी मारली म्हणून वाचला. कमरेपर्यंत भिजून, दात वाजवत आला.

तिथवर काहीच नव्हतं. ट्रक काय, येतो दुसरा. पण चौथ्या दिवशी डार्लाकडे दहा-बारा जण कॉफी पीत होते, कुणीतरी विचारलं, आणि मी म्हणालो, "ट्रक नवा होता. रूडी बुडाला असता तरी चाललं असतं." सगळे हसले. मीही हसलो. रूडीने कप खाली ठेवला, टोपी घातली आणि गेला. कप अर्धा भरलेला होता.

मला वाटलं, येईल आठ दिवसांनी. त्याला वाटलं असेल, मी जाईन.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या तबकडीवर रेषा आल्या. तळं एवढं मोठं, पण तो परत तिथेच, तीस पावलांवर. शिव्या घातल्या. फ्लॅशरला शेजारच्या रेषा पुसायचं बटण असतं. दोघांनी एक-एकदा दाबलं की झालं, तळ्यावरची रीतच आहे ती. मी बोट ठेवलं त्याच्यावर. दाबलं नाही.

मग सवय लागली. सात-वीसला येतो. अकराला रेषा जातात — कॉफी. मासा आला की तो जोर वाढवायचं बटण पिळतो, रेषा जाड होतात. मग मीही सावध. कितीतरी मासे मी त्याच्या रेषांवर पकडलेत.

व्हर्ना गेली तेव्हा तो चर्चमध्ये आला नाही. मेव्हिस आली, मागे बसली, गेली. दुसऱ्या दिवशी मी खोपट्यात जाऊन बसलो, गळही सोडला नाही. त्याच्या रेषा सकाळपासून होत्या. अकराला गेल्या नाहीत. चारला गेल्या नाहीत. अंधार पडला, मी उठलो, तरी होत्या.

आणि मी दुकानात जाऊन काय विकत आणलं? त्या रेषा न दिसण्याचं यंत्र. माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडायचा नाही.

१४ डिसेंबर

नवी बॅटरी जुन्या फ्लॅशरला जोडली. जमलं! पडदा खोक्यात.

सात-वीस. रेषा. मोठ्याने म्हणालो, "या." खोपट्यात मी एकटाच.

१६ डिसेंबर

यंदा त्याच्या रेषा एकसारख्याच असतात. जाड नाही, बारीक नाही. अकराची कॉफीही बंद. बटणाला हात लावायचाही कंटाळा करतोय वाटतं. म्हातारा झाला. पंचाहत्तर. मी तरी कुठे तरुण आहे.

१८ डिसेंबर

बॅटरी मेली. रात्री गॅरेजमध्ये जुन्या चार्जरला लावली होती, नेहमीसारखी. बाहेर उणे पंचवीस, गॅरेजमध्ये काही वेगळं नाही. सकाळी ढिम्म.

डार्लाने कपाळावर हात मारला. "गोठलेली लिथियम चार्ज करायची नाही. घरात आणायची, ऊब येऊ द्यायची, आणि तिचाच चार्जर लावायचा. तीनदा सांगितलं मी. तुम्ही मान हलवत होतात."

"मी मान सगळ्यालाच हलवतो."

"ते माहितीये गावाला."

दुसरी यायला आठ दिवस. तोवर साधी शिशाची दिली. जड धोंडा. थंडीत दोन-तीन तासांत बसेल म्हणाली.

१९ डिसेंबर

अडीच तास. खोपट्यात शेगडी असली तरी जमिनीलगत बर्फच. उद्या युक्ती करतो.

२० डिसेंबर

बॅटरी व्हर्नाच्या शालीत गुंडाळली, बरोबर गरम पाण्याची पिशवी, दोन्ही सहलीच्या थर्मोकोलच्या डब्यात. शेगडीवर पाणी तापवायचं, दर तासाला पिशवी बदलायची. लहान मूल सांभाळल्यासारखं. सहा तास चालली. रेषा सहाही तास होत्या. मासा एक, छोटा, सोडून दिला.

व्हर्ना असती तर म्हणाली असती, बॅटरीला शाल, आणि त्या माणसाशी दोन शब्द नाहीत.

२१ डिसेंबर

सात-वीस. रेषा नाहीत.

आठ. नऊ. गोळा वर काढून पुसला, परत सोडला. बॅटरी बघितली, गरम. माझं सगळं ठीक.

तीनपर्यंत बसलो. नाहीत.

२२ डिसेंबर

आजही नाहीत. बाहेर येऊन उभा राहिलो. त्याच्या दारात ताजं बर्फ, एकही पाऊल नाही. आजारी असेल. किंवा त्यानेही तो पडदा घेतला असेल. घेतला असेल तर बरोबरच आहे त्याचं, पाच दिवस मी काय केलं?

पण बॅटरी बसली असेल तर? या थंडीत शेगडीशिवाय बसणारच. तेवढं निमित्त पुरे. माझी न्यायची, शालीसकट. म्हणायचं, "घे, तुझी बसलीय वाटतं." मग ते दुसरं. डार्लाच्या दुकानातलं. ते कसं म्हणायचं ते रात्रभर घोकतोय. बॅटरी स्वयंपाकघरात चार्जरला लावलीय. घरात.

२३ डिसेंबर

तीस नाहीत, चौतीस पावलं आहेत.

दार ढकललं. आत कोणी नाही. खुर्ची नाही, गळ नाही, शेगडी नाही. फक्त भोक, वर गोठलेलं, आणि त्यात गोळा सोडलेला जुना फ्लॅशर, बॅटरी बसलेला. भिंतीला कागद. अक्षर रूडीचं, पण डाव्या हाताने काढल्यासारखं वाकडं — "मेव्हिस, सात-वीसला चालू. चारला बंद. रेषा पुसायचं बटण दाबायचं नाही."

मेव्हिसकडे गेलो. ताप आहे तिला, तीन दिवस. रूडी ऑक्टोबरपासून वृद्धाश्रमात. उजवी बाजू गेली. खोपटं तिच्या भाच्याने आणून ठेवलं. रोज ती जाते, चालू करते, संध्याकाळी बंद करते.

"कशासाठी?"

"म्हणाला, नाहीतर वेंडेल तिथे एकटाच बसेल."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू कुणाला सांगू दिलंस?" म्हणाली. मग म्हणाली, "रोज विचारतो, वेंडेलच्या रेषा होत्या का. मध्ये आठ-नऊ दिवस मला दिसल्या नाहीत. तेवढे दिवस सूपला धड तोंड लावलं नाही त्याने."

त्याच्या फ्लॅशरला माझी बॅटरी जोडून आलो, शालीत. वृद्धाश्रमाचं दार नऊला उघडतं. उद्या मी सात-वीसलाच जाऊन उभा राहतो.