सात दिवसांची कचरापेटी

६ नोव्हेंबर २०१७, मोताळा
लागली एकदाची नोकरी! खाली पंजाबरावांचं बियाण्यांचं दुकान, वर घर, मागच्या खोलीत मी. त्यांच्या पत्नी जनकाबाईंनी आल्याआल्या भाकरी-ठेचा वाढला. काम अगदी सोपं. जिन्याखाली वायफायला जोडलेली एक काळी पेटी आहे, घरादुकानाचे सगळे फोटो आपोआप तिच्यात जातात. ती किती भरली ते रोज बघायचं. आज ९१ टक्के. पंजाबरावांनी हौसेनं माझाही फोन तिला जोडून दिला.

७ नोव्हेंबर
या गृहस्थाची रीत न्यारी. कपाशीचं बियाणं विकलं की बिल देत नाही. पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात देऊन फोटो काढतो, लॉट नंबर स्वच्छ दिसतो. यंदा बीटीच्या बोंडाबोंडांत गुलाबी अळी निघाली आणि तक्रारीला पुरावा लागतो. बाबांनीही बियाणं इथूनच नेलं होतं. म्हणून तर मी ही नोकरी धरली. त्यांचा फोटो पेटीत सापडला, गुपचूप फोनमध्ये उतरवून घेतला.

९ नोव्हेंबर
पंजाबराव म्हणाले, पेटी भरून राह्यली, जूनमधले गिऱ्हाइकांचे फोटो उडवून टाक. चारशेबारा माणसं कचरापेटीत टाकली. ती सात दिवसांनी, दुपारी बाराला, आपोआप रिकामी होते. टक्का ९१ चा ९१. पेटी भरलीय ती यांच्या पोराच्या लग्नाच्या व्हिडिओंनी. जागेचं नुसतं निमित्त! लाज वाटली. पण बाबांचा फोटो आहे माझ्याजवळ, बाकीच्यांचं ते बघतील. पोटभर जेवले.

१२ नोव्हेंबर
गल्लीतले कडूबा ९ तारखेपर्यंत अळीवरून दुकानापुढे भांडत होते, आता दिसत नाहीत. त्यांच्या बायकोला, तानुबाईंना, विचारलं. म्हणाल्या, कोन कडूबा व? मी तं एकटीच हाय. दोरीवर पुरुषाचा सदरा वाळत होता. तो हातात घेऊन मलाच विचारू लागल्या, हा कोनाचा व?

१४ नोव्हेंबर
फोटोतल्या आणखी चौघांच्या घरी गेले. कुणालाच ते आठवत नाहीत. घाबरून घरी फोन लावला. बाबा कसे आहेत? आई म्हणाली, कोनाचे बाबा?
फोन उघडला. फोटो नाही. पेटीतून उडवला की जोडलेल्या फोनमधूनही उडतो. मला वाटलं, माझ्याजवळ राहील. माझ्याच हातानं मी —

१५ नोव्हेंबर
कचरापेटीतून फोटो परत घ्यायला गेले, तर पेटीचा पासवर्ड बदललाय. पंजाबराव शेगावला दर्शनाला गेलेत. दर्शनाला!
बाबांचा आवाज आठवेना. मिशी होती का —

१६ नोव्हेंबर, ११.५०
जनकाबाईंनी चिठ्ठीवर पासवर्ड दिला. म्हणाल्या, मले काई मालूम नाई, समजलं ना?
एका वेळी एकच फोटो परत घेता येतो. चारशेबारा चेहरे. कुणाला —
वहीत लिहिलंय, बाबा. अक्षर माझंच. माझे बाबा?

११.५९
हा एक. पाकीट धरून हसतोय. शेजारी मी. त्याचा हात माझ्या डोक्यावर.
मायाळू दिसतो माणूस. पण वेळ एकाचाच आहे आणि मला बाबांना घ्यायचंय. हा कोण कुठला —