चारशे किलोमीटर, दीड तास

प्रिय नवरोबा,

तू सध्या दीड महिन्याची मुलगी आहेस, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या मुलीनं, लाइसानं, तिच्या लेकीला तुझं नाव दिलं, आणि आपल्यात गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की तोच परत येतो; म्हणून इपीली हे नाव घेऊन आलेला जीव माझा नवराच, मग तो लंगोटात का असेना. तेव्हा नीट ऐक. तू दिवसभर रडतोस म्हणे. विहीणबाई म्हणतात, "नाव चुकलं म्हणून रडतेय पोर. तिला माझ्या भावाचं नाव हवंय." उद्या, रविवारी, त्या नाव बदलणार. म्हणजे चाळीस वर्षं माझ्याशी संसार करून सोमवारपासून तू विहीणबाईंचा भाऊ! तो घोरणारा जोआनासी!

हे थांबवायला मी आठवडाभर निघतेच आहे. आपल्या कौसुइत्तुकहून तुमचं औयुइत्तुक गाव चारशे किलोमीटर, विमानानं दीड तास. वेळापत्रकात तसं छापलंय. छापणाऱ्यानं धुकं पाहिलेलं नसावं. पहिल्या खेपेला अर्ध्या वाटेवरून परत. दुसऱ्या खेपेला गावावर पोचलो तर वारा. तिसऱ्या खेपेला लाइसाचं लाल छप्पर दिसलं, दारात वाळत घातलेलं अस्वलाचं कातडंही दिसलं. वैमानिक दोन घिरट्या घालून म्हणतो, "आजी, धावपट्टी दिसत नाही." मी म्हटलं, "मला कातडं दिसतंय, तुला पट्टी दिसत नाही? जागा बदलू या का?" दोन हजार किलोमीटर उडून मी पुन्हा आपल्याच विमानतळाच्या बाकावर. लाइसासाठी घेतलेला मासा तीनदा गोठला, तीनदा वितळला. तिकिटाच्या खिडकीवरची मीका म्हणते, "मावशी, या माशाएवढा प्रवास गावात कुणी केला नाही, माणसांनीसुद्धा."

तू मला मागणी घालायला कुत्र्यांच्या गाडीनं आला होतास. नऊ दिवस लागले, नाक काळंनिळं झालं होतं, आणि आल्या आल्या माझ्या बापाला विचारलंस, "चहा आहे का?" पण पोचलास. त्या गाडीचं कुणी वेळापत्रक छापलं नव्हतं.

आजचंही विमान रद्द झालं. म्हणून हे पत्र. मीका त्याचा फोटो काढून पाठवेल आणि लाइसा तुझ्या कानात वाचेल. तू का रडतोस ते विहीणबाईंना काय कळणार, मला कळतं. माझ्या शिवणयंत्राचा पट्टा काढून तू बर्फगाडीला लावलास, म्हणून मी रुसले होते. तुला दक्षिणेतल्या इस्पितळात नेलं त्या दिवशी मी निरोप द्यायला आले नाही. चार दिवसांत येशील, तेव्हा भांडू, असं वाटलं. तू आलाच नाहीस. पण मी खिडकीत उभी होते रे. विमानाच्या पायरीवर थांबून तू मागे वळून पाहिलंस, ते मी पाहिलं. माझं चुकलं. रडायचं तेवढं रड, पण हे नाव सोडून जाऊ नकोस.

तुझीच, पट्ट्याचं कधीच विसरलेली,
ऊलीपीका