एका यादीत दोन आत्या

मुलुंड (पूर्व)
गुरुवार, दुपार

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. (खरोखर घातला तर मला उठवायला शेजारून माणूस बोलवावा लागेल, कंबर अजून धरलेलीच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं, गेलीस का? नसशीलच गेली. फोन केला असता, पण तुझं कानातलं यंत्र फोन लावला की शिट्ट्या मारतं, आणि मग तू "ठेव गं, कुकर झाला वाटतं," म्हणून ठेवून देतेस. मागच्या खेपेला तर कुकर लावलेलाच नव्हता. म्हणून पत्र. शिवाय जे विचारायचं आहे ते ओरडून विचारण्यासारखं नाही.

खाणावळवाल्या बायकांवर मी शोधनिबंध लिहितेय, हे तुला ठाऊक आहेच. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या, तुझ्या आईसारख्या, माझ्या आजीसारख्या. निबंध सात महिन्यांत झाला, आणि गेले तीन महिने मी त्याच्या शेवटी जोडायची संदर्भयादी नीट करतेय. आत काय लिहिलंय याच्याशी त्या नियतकालिकाच्या संपादकांना अजून काही देणंघेणं दिसत नाही. त्यांचं अडतीस पानी नियमांचं पुस्तक आहे. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नावाचं आद्याक्षर, मग कंसात साल. पुस्तकाचं नाव तिरकं, लेखाचं सरळ. पहिल्या खेपेला मी नेमकं उलटं केलं, परत आलं. दुसऱ्या खेपेला घाबरून सगळंच तिरकं केलं, तेही परत आलं. आता महिनाअखेर तिसऱ्यांदा पाठवायचंय आणि ही शेवटची संधी, असं संपादकांनी कळवलंय. (हा निबंध छापून आला नाही तर बढती यंदाही नाही. सेहेचाळीस पूर्ण झाली मला. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी पुढच्या वर्षी माझी वरिष्ठ होईल आणि मला 'मॅडम' म्हणत माझ्या रजा मंजूर करील.)

आमच्या कॉलेजात वाणिज्य शिकवणारे केयूरभाई, घाटकोपरचे, निवृत्तीला आलेत पण नव्या यंत्रांची हौस दांडगी. म्हणाले, "अरे स्वरदाबेन, हाताने कशाला करते? सॉफ्टवेअरमध्ये टाक ना, एकदम झकास!" टाकलं. त्या सॉफ्टवेअरला एवढंच ठाऊक की लेखक म्हणजे माणूस, आणि माणसाचं आडनाव शेवटी. त्यामुळे 'महाराष्ट्र शासन' हे माझ्या यादीत 'शासन, म.' नावाचे एक गृहस्थ झाले. १९७९चा सगळा अहवाल त्यांनी एकट्याने बसून लिहिला असं वाटायला लागलं. केयूरभाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "वाट लागली, बेन." मग बासष्ट नोंदी मी हातानेच केल्या.

याच बायकांवरचे तुझे दोन जुने लेखही यादीत आहेत. त्यातल्या पहिल्याच्या पानांचे आकडे हवे होते. आपल्या घरच्या अंकाचे कोपरे कसरीने खाल्लेत, नेमके आकडे असतात तेवढेच. मजकुराला तोंड लावलेलं नाही. (तिलाही कुणीतरी नियमांचं पुस्तक दिलं असावं.) म्हणून अंधेरीच्या एका जुन्या वाचनालयात गेले. तिथल्या राजाराम नावाच्या आजोबांनी कपाटामागून अंक शोधून दिला. त्यालाही शेवटची पानं नव्हती, पण तुझा लेख अख्खा होता. आकडे पुसट आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "अंक गावलो हेंच नशीब समजा, बाई. पानां मोजा नि लिवा." मोजली. बेचाळीस ते सत्तेचाळीस. तिथेच उभ्याने लेख पुन्हा वाचला आणि मला तुझा अभिमान वाटला. हे मी तुला कधी सांगितलं नाही, तर आता सांगते.

खरी अडचण पुढे आहे. माझ्या यादीत तू दोनदा आहेस. १९८१चा लेख 'कोचरेकर, ज.' आणि १९८८चा 'मठकर, सु.' तुझ्या लग्नात सुबोधकाकांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'सुनंदा' लिहिलं, तेव्हा मी चार वर्षांची होते आणि "आत्याचं नाव चुकलं" म्हणून भोकाड पसरलं होतं, असं आई सांगायची. ते नाव कुणी दुरुस्त केलं नाही. आता यादीत दोन्ही नावांच्या मध्ये अकरा परकी माणसं आहेत.

आणि ज्यांनी निबंध तपासला (त्यांचं नाव कळवत नाहीत, तोही नियम) त्यांनी शेरा मारलाय: 'लेखिकेने कोचरेकर आणि मठकर यांचा एकत्रित दाखला दिला आहे; परंतु या दोन अभ्यासकांची मते परस्परविरोधी आहेत, हे तिच्या ध्यानात आलेले दिसत नाही.' मी हसले. म्हटलं, काय हे, यांना आपल्याकडची लग्नं माहीत नाहीत. ती एकच बाई आहे, असं उत्तर लिहायला बसले आणि त्यासाठी दुसरा लेख उघडला. आत्या, कबूल करते, पहिल्यांदाच नीट उघडला. घरचाच लेख, त्यात काय वाचायचं, म्हणून तो न वाचताच यादीत घातला होता. विद्यार्थ्यांनी असं केलं तर मी त्यांना वर्गाबाहेर काढते.

पहिल्या लेखात तू म्हणतेस, 'या बाया कुणाच्या जिवावर जगत नव्हत्या. चाळीस माणसं त्यांच्या जिवावर जेवत होती.' दुसऱ्यात आहे, 'सबब, सदर स्त्रिया नाइलाजास्तव या व्यवसायात आल्या असून, घरी कर्ता पुरुष असता तर त्यांनी तो पत्करला नसता.' दोन दिवस मी ते वाक्य डोक्यात घेऊन हिंडतेय. लग्नानंतर मतं बदलतात, मान्य आहे. माझीही पुष्कळ बदलली, काही तर मला न विचारता. पण आजोबा घरातच होते ना? आजी वाढायची आणि ते पानं मांडायचे, हे तूच मला सांगितलंस. मग ते तू कशी विसरलीस?

असो. नियमाप्रमाणे एका माणसाचं एकच नाव हवं. तुला कुठलं आवडेल ते कळव, बाकीचं मी बघते. गुडघ्याला शेक देत जा आणि डॉक्टरांकडे जा.

तुझीच,
स्वरदा

ता. क. नावाचं मी उगीच विचारलं. विचारायचं होतं ते वेगळंच. 'सबब' हा शब्द तू आयुष्यात कधी लिहिलास? काका लिहायचे. दूधवाल्याच्या चिठ्ठीतही लिहायचे. ते मला फार आवडायचे आणि त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली, म्हणून धीर करते: १९८८चा लेख तू लिहिलास का? आणि त्यानंतर तू एक ओळही लिहिली नाहीस, ती त्यामुळे का?

ता. क. दुसरा. उत्तर कागदावरच दे. तोंडी सांगितलेलं यादीत धरत नाहीत. तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे. पहिल्या प्रश्नाला नुसतं 'हो' किंवा 'नाही' लिहिलंस तरी पुरे. 'हो' असेल तर दोन नावं एक करते आणि तपासनिसांची चूक त्यांना नम्रपणे दाखवते. 'नाही' असेल तर यादीला हात लावायची गरज नाही. ती आहे तशीच बरोबर आहे, सुबोधकाकांच्या 'सु.'सकट. मग फक्त माफी मागायची राहते. त्यांची नव्हे, तुझी.