खाडीतल्या पाच खुंट्या

७ डिसेंबर १९५८

आगबोटीने मालवणात उतरलो आणि तिथून बैलगाडीने इथे आलो. हाडं खिळखिळी झाली, पण मन खूश आहे. मुंबईहून समुद्राच्या कडेने रेल्वे नेता येईल का, याची पाहणी सुरू आहे. त्यातला या खाडीचा तुकडा माझ्या वाट्याला आला. अक्का नावाच्या म्हातारीच्या पडवीत खोली मिळाली. दुपारी कुळथाची पिठी आणि भात. दोनदा वाढून घेतला.

मोजणीत साखळी धरणारा माझा खलाशी धोंडू इथलाच, मितभाषी. होडीवाला नुरुद्दीन मात्र मोठा गप्पिष्ट. दोघांनीही रेल्वे पाहिलेली नाही. फ्रान्सात विजेचं इंजिन ताशी दोनशे मैल धावलं, हे मी नुरुद्दीनला ऐटीत सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "येदो वेळ वाचवन माणसां करतत काय?" मग तिघेही हसलो.

१२ डिसेंबर

पुलाची रेघ दाखवायला खाडीत पाच खुंट्या ठोकायच्या आहेत. ओहोटीला ठोकतो, भरतीला उपटून वाहून जातात. आज तिसरी खेप. जानेवारीअखेर पाचही उभ्या राहिल्या नाहीत, तर मार्ग आत घाटाच्या पायथ्याने जाणार आणि माझी बढती या चिखलात बुडणार. धोंडू म्हणतो, "पुलाक माणूस लागता, साहेबानू." पूल म्हटला की नरबळी, सगळीकडे हेच ऐकायला मिळतं. मी त्याची भरपूर चेष्टा केली.

१५ डिसेंबर

काठावरच्या सावित्रीने आज मला सगळ्यांदेखत फाडून खाल्लं. काय, तर आमच्या मोजणीच्या साखळीने तिची मिरचीची रोपं मोडली. मीही काही कमी नाही. पहिल्या खुंटीवर लाल रंगाने तिचं नाव घातलं आणि म्हटलं, घ्या, पुलाला माणूस दिला. धोंडू तेवढा हसला नाही. असला खेळ करू नकात, म्हणाला.

१७ डिसेंबर

पहिली खुंटी उभी आहे. दोन भरत्या आल्या आणि गेल्या, तरी खडकात रोवल्यासारखी. सावित्री काल कालवं काढायला गेली आणि गुडघाभर चिखलात अडकली. पाणी चढेपर्यंत ओरडत होती म्हणे. योगायोग. बाईची आठवण काढून वाईट वाटलं, पण खुंटीकडे बघून बरंही वाटलं. रोजनिशीत खोटं कशाला लिहू?

२० डिसेंबर

दुकानदार काशिनाथ मला रॉकेल नाकारतो. रेल्वे आली की गिऱ्हाईक मालवणला जाईल, अशी त्याला धास्ती. दुसऱ्या खुंटीवर त्याचं नाव. रागाने नव्हे. खरं काय ते बघायचं होतं.

२२ डिसेंबर

चाळीस वर्षं पायी ओलांडलेल्या खाडीच्या उथळ उतारावर काशिनाथ बुडाला. दुसरी खुंटी जागची हलत नाही.

मी दुपारी पोटभर जेवलो. त्याचंच मला आश्चर्य वाटतं.

३ जानेवारी १९५९

दहा दिवस साध्या खुंट्या ठोकून पाहिल्या. सगळ्या गेल्या. वरून पत्र आलं आहे, काम कुठवर आलं म्हणून. गावात आता मला कुणी नाव सांगत नाही. आया पोरांना नुसतं अरे, अगो म्हणून हाका मारतात. शेजारची बाई शेजारच्या वहिनी, एवढंच. अक्काचंही खरं नाव मला ठाऊक नाही.

ठाऊक आहेत ती दोनच.

५ जानेवारी

नुरुद्दीन. होडी काठाला बांधलेली, कोरडी ठणठणीत. तो आत बसलेला. तोंडात घशापर्यंत खाडीचा चिखल.

परवाच त्याने मला तांदळाची भाकरी दिली होती. मला रडू आलं. तिसरी खुंटी उभी आहे.

६ जानेवारी

धोंडूने हात जोडले. "माजा नाव तेवढा घालू नकात." वचन दिलं.

माझं नाव इथे कुणाला ठाऊक नाही, सगळे साहेब म्हणतात. ट्रंकेवरचं नाव आज खरवडून काढलं.

१३ जानेवारी

चौथी उभी राहिली.

साखळीचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं धोंडूच्या. त्याची पाठ होती तेव्हा लिहिलं. साखळीला हिसका बसला. ओढली — नुसतं लोखंड परत आलं.

रंगाचा डबा काठावर राहिला, तो त्याच्या बायकोने घरी नेला. आणायला जाववत नाही.

१९ जानेवारी

लीला आली. न कळवता, आगबोटीने, तिळगूळ घेऊन. बायकोला पाहून जीव भांड्यात पडायला हवा होता. तिला बजावलं, कुणाशी बोलू नको. ती हसली.

२१ जानेवारी

शेजारच्या वहिनींकडे हळदीकुंकवाला गेली होती. मी पुलावर होतो — नसलेल्या पुलावर. बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला. तिने कौतुकाने मलाही ऐकवला:

खाडीवर पूल, पुलावर गाडी,
वामनरावांचं नाव घेते, नेसून हिरवी साडी.

अंगणात एक विधवा उभी होती म्हणे. तिला आत कोण बोलावणार. तिने लीलाला खुणेने बाहेर बोलावलं, पुन्हा एकदा नाव सांगायला लावलं. सावकाश. लीलाला तिची दया आली.

धोंडूची बायको.

२२ जानेवारी, सकाळ

पाचवी खुंटी उभी आहे. मी ठोकलेली नाही. काठावरून लाल अक्षरं दिसतात. वाकडीतिकडी. माझं नाव.

डबा पायरीवर आणून ठेवलाय. ब्रशसकट.

ओहोटी

डबा-ब्रश घेऊन खुंटीपाशी आहे. नाव पुसलं जात नाही. कमरेपर्यंत रुतलो. काठावर सगळा गाव, कुणी हलत नाही. त्यावर दुसरं नाव घालायला हवं — जिवंत माणसाचं — मला एकच ठाऊक —

पहिलं अक्षर घातलं. डावा पाय सुटला.

पाणी वळलं. लीला काठावरून अहो, अहो म्हणते आहे. उतरली. साडी खोचून, माझ्याकडेच येते आहे, हात पुढे करून. तिला वाटतं मी —

थांब म्हणायला हवं. थांबली तर —

उजवा पाय अजून धरलेला. एकच अक्षर राहिलं. पेन्सिल दातांत धरतो आणि —