ठिपकीचं वासरू

९ मार्च

प्रिय वन्सं,

वहिनीचा नमस्कार. पाठीचे टाके आता सुकत आले असतील. पत्र हातात धरून वाचायला जड जात असेल तर भावोजींना वाचायला सांगा. खरं तर ते जवळ बसलेले असतानाच वाचा.

इकडे पहाटेची थंडी यंदा अजून हटत नाही. आईंचे गुडघे धरलेत, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. गोठ्याच्या दाराला आतून पोतं लावलंय.

पंधरा दिवसांपूर्वी तुमची ठिपकी व्याली. कालवड झाली. रंग आईचाच, पण अंगावर डाग एकही नाही, स्वच्छ तांबडी. तुम्ही ठिपकीला लहानपणापासून हाताने भरवलं, म्हणून तिची खबर मीच द्यावी असं वाटत होतं.

पण ठिपकीनं वासराला जवळ घेतलं नाही. पहिलटकरीण, घाबरली असेल. वासरू पडल्या पडल्या ती दावं ताणून लांब जाऊन उभी राहिली. चाटेना. आम्ही पोत्यानं पुसून काढलं, पाठीवर मीठ चोळलं, म्हटलं मिठासाठी तरी जीभ लावेल. तिनं वास घेतला आणि शिंगानं असं ढकललं की वासरू गव्हाणीवर आपटलं. ते बिचारं पुन्हा उठून तिच्याकडेच निघालं. त्याला दुसरं काय ठाऊक?

चीक पोटात गेल्याशिवाय वासरू तगत नाही. म्हणून तुमच्या दादांनी तिचे मागचे पाय दोरीनं बांधले आणि वासराचं तोंड सडाला लावायला खाली वाकले. मी शिंगांपाशी उभी होते. दोरी सरकली कशी ते मला दिसलं नाही. लाथेचा आवाज तेवढा ऐकला, भरल्या पोत्यावर काठी मारावी तसा.

ते खाली बसले. चेहरा पांढरा, पण हसत होते. म्हणाले, "बहिणीनं वाढवलेली ना, लाड जरा जास्तच झालेत."

मी म्हटलं, "उठा, दवाखान्यात जाऊ."

"आधी हिला पाजू दे. मला काय धाड भरलीय?"

तसंच बसून त्यांनी धार काढली. बाटलीला रबरी बोंडी लावली, वासराला मांडीत घेतलं, तोंडात बोट घालून चोखायला शिकवलं. बाटली रिकामी झाली तेव्हा मला हाक मारून दाखवली. मग घरात येऊन आडवे झाले. डावीकडे बरगडीखाली दुखतंय म्हणाले. चहा घेतला नाही. दुपारी जेवायच्या वेळेला हाका मारल्या तर डोळे उघडे, पण अंग गार घामानं भिजलेलं.

वन्सं, लेखणी इथे अडते. शेजारच्या टेम्पोतून नेलं. पोटातली पानथरी, प्लीहा म्हणतात ती, फुटली होती, रक्त आतल्या आत साचत गेलं. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." दिवे लागायच्या आत दादा गेले.

तुम्हाला कळवायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. तुमचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हलायचं नाही, यायला जमणार नाही, मग नुसतं तळमळत पडायचं. मलाही तेव्हा पटलं. पण काल फोनवर तुम्ही आईंना विचारलंत, "दादा माझ्यावर रागावलाय का? बघायला आला नाही, आता बोलतही नाही." तुमचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. आई म्हणाल्या, "घसा बसलाय गं त्याचा." मग मात्र मला राहवलं नाही. ते तुमच्यावर रागावलेले नव्हते. तुम्हाला बघायला निघायचं म्हणून त्यांनी सदऱ्याला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. ठिपकी व्याली की निघतो, म्हणत होते.

वासरू जगलं आहे. गव्हाणीवर आपटलेला पुढचा पाय वाकडाच राहिला, मध्ये हगवण लागून मान टाकली होती, पण जगलं. ठिपकी अजून त्याला अंगाला लावून घेत नाही. दुसरं दुभतं जनावर घरात नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ मीच धार काढते. त्याच पायांशी बसते. भीती वाटते. कधी कधी भीतीपेक्षा वाईट काहीतरी मनात येतं, हातात विळा असला तर तो बाजूला ठेवून मग गोठ्यात जाते. ती मात्र माझ्याकडे मान वळवून बघते, काही झालंच नाही अशी. आणि तिला तरी काय कळणार? आई तिचं तोंड बघत नाहीत. व्यापाऱ्याला बोलवा म्हणतात. वासरू वैरण खायला लागेपर्यंत तिला नेऊ देणार नाही, एवढं मी सांगितलंय. त्यानंतर व्यापाऱ्याला अडवायला माझा हात वर होईल की नाही, मला खरंच माहीत नाही. तुम्ही तिला वाढवलंत म्हणून स्वतःला बोल लावू नका. दोरी सरकली, एवढंच.

एक विनंती आहे. आईंना फोन कराल तेव्हा त्यांच्यावर ओरडू नका. तुमचा फोन यायच्या वेळेला त्या केस विंचरून बसतात. आज दादा कुठे गेला म्हणून सांगायचं, ते सकाळपासून ठरवत असतात. बाजारात, गिरणीत, मित्राकडे. सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. साऱ्या जगात तुमच्या एकटीपाशीच त्यांचा मुलगा जिवंत होता, आणि तोही आज मी नेला.

रडा, पण पाठ सांभाळून. भावोजींचा हात धरून ठेवा.

अजूनही तुमचीच,
वहिनी