खिडकीतली पहिली बाटली

साखळी, २ जून १९८७

ती. गौरेशदादास,
भाग्यलक्ष्मीचा शि. सा. न. वि. वि.

गोवा घटकराज्य झाल्याचे पेढे बाबांनी पिवळ्या डोळ्यांनी गावभर वाटले. कावीळ आहे. पार्शे गावच्या पद्माआतेने दिलेले मूळ ताकातून घेतात. आता अंगाला खाज सुटलीय, परसाकडला पांढरट होते. डॉक्टर म्हणतात, पित्ताच्या वाटेत खडा आहे, पणजीला नेऊन ऑपरेशन करा. बाबा ऐकतील तर शपथ! ज्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवले, तिथे तू भाषण ठोकलेस ना, की आतेच्या मुळाने तुमच्या प्रयोगशाळेतले उंदीर बरे झाले? तेच डॉक्टरांना ऐकवतात. दादा, मला भीती वाटते रे. आता तूच काय ते लिही.

लोभ आहेच, रागावल्याची क्षमा मागाहून मागेन.
तुझी भागू

पुणे, ५ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

त्या उंदरांच्या पोटात खडा नव्हता, बाबा! पण माझेही ऐकू नका. मास्तर सांगतात म्हणून मानू नका, करून बघा, हे तुमचेच ना? रोज सकाळची लघवी बाटलीत घ्या, पांढऱ्या कागदापुढे खिडकीत ओळीने ठेवा. मूळ लागू पडले तर रंग उतरेल. चढला तर ऑपरेशन. निकाल तुम्हीच द्यायचा. ताप आला तर मात्र प्रयोग बंद, त्याच घटकेला गाडी. माझा जीव टांगणीला लागलाय. रजा मिळताच निघतो.

आशीर्वाद असू द्या, हट्ट नको.
गौरेश

पणजी, इस्पितळ, २४ जून

चि. गौरेशास,
अनेक आशीर्वाद.

तू भेटून गेलास तेव्हा भागू समोर होती, म्हणून बोललो नाही. आज चहात बुडवून उंडो पाव खाल्ला, तेव्हा लिहितो.

शेजारच्या बाबलीकडून फेणीच्या रिकाम्या बाटल्या मागवल्या. गावाला वाटले, मास्तर पिऊ लागले! रंग रोज चढत होता. मग मी काय केले, ठाऊक आहे? पहिली बाटली उचलून कोपऱ्यातल्या अंधारात ठेवली, म्हणजे तीच जास्त काळी दिसेल नि पुढे रंग उतरला असे वाटेल. याच लबाडीसाठी मी पोरांचे कान पिळले रे! हात बाटलीवरच राहिला. मूळ हरले तर माझा मुलगा खोटा पडेल, एवढेच डोक्यात होते. जीव गेला असता तरी चालले असते, अशी ती अवदसा. बाटली परत खिडकीत ठेवली आणि भागूला म्हटले, गाडी बोलाव.

ऑपरेशनात निघालेला खडा बाटलीत घालून ठेवलाय. पुढच्या भाषणाला उंदरांबरोबर हाही ने. पोरांना सांग, याच्यापुढे आतेचे मूळ हरले. बापाची लबाडीही सांग.

येत जा.
तुझा बाप, गोकुळदास