सर्व्हरला उठवणार कोण?

मंगळवार, संध्याकाळ

दिंडोरीच्या मामांच्या द्राक्ष गटासाठी फवारणीच्या नोंदींचं ॲप तयार आहे, पण ते ठेवायचं कुठल्या सर्व्हरवर? पंधरा दिवस नुसते सर्व्हरच्या तुलनेचे तक्ते करतोय. फुकटातला बरा आहे, फक्त कोणी वापरत नसलं की झोपतो आणि उठायला मिनिटभर लावतो. पहाटे फवारणीला निघालेला माणूस ते मिनिट थांबेल? शेवटी आज मामांनाच फोन करून विचारलं.

“एक मिनिट?” मामा हसायलाच लागले. “अरे, औषध कालवायलाच आमचा अर्धा तास जातो. गटात सगळ्यांच्या आधी मी उठतो, तवा त्यालाबी उठवीन. सुट्टीत तुला नाय उठवायचो?”

ठरलं, फुकटातलाच. मी तर मामांच्या हाकेला एका मिनिटात कधीच उठलो नाही.